फिजिक्स वन की फिजिक्स सी? नक्की घ्यायचं काय?

अकरावी सुरू झाली की माझ्याकडे तोच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतो, मुलांना शिकायला अमेरिकेत पाठवायचंय तर एपी, म्हणजे शाळेत असतानाच घ्यायच्या अमेरिकी कॉलेजच्या पातळीच्या कोर्स-परीक्षा, त्यातल्या फिजिक्समधलं नेमकं काय घ्यायचं, वन, टू की सी. बडोद्यात बहुतेक घरांचं कोणी ना कोणी तिकडे असतंच, त्यामुळे सल्ला फोनवरून आधीच पोचलेला असतो, आणि माझ्यापर्यंत येईतो त्याचं मुलांना ओझं झालेलं असतं.

दांडिया बाजारातली एक मुलगी आईबरोबर आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). बोलत आईच होती. "मॅडम, हिचा न्यू जर्सीचा मामा म्हणतो सीच घ्या, वन घेतलं तर पोरगी कच्ची वाटेल. आणि हिला रात्री झोप नाही." मी मुलीला विचारलं, तुला काय वाटतं गं? म्हणाली, "सी मला जमणार नाही, आणि वन घेतलं तर सगळे म्हणतील सोपं बघून घेतलं."

एकाच वाक्यात दोन भीती, एक विषयाची आणि एक लोकांची. त्या वेगळ्या केल्याशिवाय कुठलाही कोर्स निवडू नये असं माझं ठाम मत आहे. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर तयार झालेली समुपदेशक, त्यामुळे प्रत्यक्षात काय आहे आणि आपण मनात स्वतःला काय सांगतोय, हे आधी सुटं करून बघते.

प्रत्यक्षात एवढंच आहे की फिजिक्स वन आणि टू बीजगणितावर चालतात. वनमध्ये मेकॅनिक्स, आणि 2024-25 पासून फ्लुइड्सही. टूमध्ये उष्णता, वीज, चुंबकत्व, प्रकाश, आधुनिक भौतिकी. सीचे दोन वेगळे पेपर, मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम, दोन्हीत कॅल्क्युलस लागतं. इंजिनीअरिंग किंवा फिजिक्सकडे जाणाऱ्यांना सी उपयोगी पडतं, क्रेडिट (एपीच्या गुणांवर कॉलेजातल्या विषयाची मिळणारी सूट) मात्र प्रत्येक कॉलेज आपापल्या नियमांनी देतं, ते त्यांच्या साइटवर बघायचं, मामाला विचारायचं नाही.

एपी परीक्षा घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, जुने लेखी प्रश्न फुकट देते. मी तिला सांगितलं, वनचा एक आणि सीचा एक प्रश्न घरी सोडव, मार्क नको सांगूस, कुठे अडकलीस ते सांग.

पुढच्या वेळी ती वही घेऊनच आली.

"वनमध्ये आकडे आले मॅडम, पण असं का होतं ते शब्दांत लिहा म्हटल्यावर पेनच थांबलं."

"आणि सीमध्ये?"

"हवेचा विरोध वेगाबरोबर वाढत जातो असा प्रश्न होता. समीकरण मांडलं, पुढे इंटिग्रेशन आलं, तिथे थांबले."

"ते येत नाही की शिकवलेलं नाही?"

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शिकवलेलंच नाहीये अजून, बारावीत आहे." आणि लगेच, "पण मॅडम, आई जेवायला हाका मारत होती तरी मी सीचाच प्रश्न धरून बसले होते."

हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. जो कोर्स तिला सोपा म्हणून लाजिरवाणा वाटत होता त्याच्या प्रश्नाने तिला अडवलं होतं, आणि ज्याला ती घाबरत होती तिथे फक्त एक धडा बाकी होता. इतक्या वर्षांच्या कामातून मला हेच उमगलंय, मूल कुठे अडकतं आणि अडकल्यावर तिथे बसून राहावंसं वाटतं का, हे मार्कांपेक्षा जास्त सांगतं.

शेवटी तिने सीचं मेकॅनिक्स एकटंच घेतलं, सुट्टीत इंटिग्रेशन करून. इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम सोडलं, कारण त्यात इंटिग्रेशन पहिल्या धड्यापासून लागतं. रोज एका गणिताचं "का" चार ओळींत लिहायची सवय मात्र मी लावायला सांगितली आणि तिने ती मनापासून लावली, याचा मला अभिमान आहे. त्याच सुमारास बायोलॉजीकडे जाणारा एक मुलगा आला होता, तो वन घेऊन खुशीत गेला, आणि त्याचा निर्णय काही कमी धाडसाचा नव्हता.

आईबाबांना एक विनंती, कोर्स ठरेपर्यंत तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. परीक्षा मे महिन्यात असते, पण नाव सहसा नोव्हेंबरपर्यंत नोंदवावं लागतं आणि आपली शाळा केंद्र नसेल तर केंद्र शोधण्यातही वेळ जातो, त्यामुळे दिवाळीच्या आधी मुलांशी शांतपणे बसा.