लेगो डायमेन्शन्स मधेच का गुंडाळलं?

प्रश्न : भावाने अमेरिकेहून येताना मुलासाठी लेगो डायमेन्शन्सचा जुना स्टार्टर पॅक आणला, म्हणजे खरे लेगो बाहुले पॅडवर ठेवले की ते पडद्यावरच्या गेममध्ये येतात त्या खेळाचा सुरुवातीचा संच, पीएस४ या गेम कन्सोलचा. पोरगं अक्षरशः वेडं झालंय पण दुकानात नवीन पॅक मिळतच नाहीत, आता कळलं की गेमच बंद केलाय. असं का केलं, आणि जुने पॅक विकत घेण्यात अर्थ आहे का? — एक आई, ठाणे

उत्तर : ताई, बंद झालं म्हणजे नवीन काही येणं बंद झालं, हातात आहे ते मस्त चालतं, त्यामुळे पोराला हिरमुसू देऊ नका. वॉर्नर ब्रदर्स आणि लेगोने मिळून हा गेम सप्टेंबर २०१५ला आणला, बनवला टीटी गेम्सने, आणि तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं की तीन वर्षं नवीन पॅक येत राहतील, स्टार्टर पॅक परत घ्यावा लागणार नाही. लोकांनी त्या शब्दावर १०० डॉलरचा स्टार्टर घेतला, वर नवीन लेव्हल देणारे लेव्हल पॅक ३० डॉलरचे, एखाद्या बाहुल्याचे छोटे फन पॅक १५चे. आणि ऑक्टोबर २०१७मध्ये सांगून टाकलं की आता नवीन काही नाही. तिसरं वर्ष आलंच नाही. मला याचा खरंच राग आहे, लहान मुलांच्या खेळण्याबाबत दिलेला शब्द असा अर्ध्यावर सोडायचा नसतो.

कारण काय म्हणाल तर खेळणं आणि गेम एकत्र विकायचा हा सगळा धंदाच तेव्हा बसत चालला होता, डिस्नेने इन्फिनिटी हा आपला असाच खेळ मे २०१६लाच बंद केला होता. आणि डायमेन्शन्समध्ये बॅटमॅन, डॉक्टर हू, सिम्पसन्स, गोस्टबस्टर्स असे कितीतरी जणांचे हक्क, म्हणजे नवीन पॅक काढायचा तर परवानगी, प्लास्टिक, दुकानातली जागा, सगळ्याचा खर्च आलाच, माझ्या मते तिथेच गणित फसलं.

पण खेळ म्हणून काय सुंदर होता तो! बाहुले ठेवायचा तो टॉय पॅड, त्याचे तीन भाग वेगवेगळ्या रंगात पेटतात आणि कोडं सोडवायला बाहुला हाताने उचलून योग्य रंगावर ठेवावा लागतो, पोरगं स्क्रीन सोडून पॅडकडे बघत बसतं. आणि गाड्या तर तीन तऱ्हांनी परत जोडता येतात, त्यांच्या खालच्या चिपवाल्या चकतीवर गेम नवीन माहिती लिहितो.

जुने पॅक घ्याच, पण एक बघा, गेमला बाहुला ओळखू येतो ती चिप बाहुल्यात नसते, त्याच्या पायाखालच्या गोल चकतीत असते. नुसता बाहुला कोणी स्वस्तात देत असेल तर तो गेमसाठी बिनकामाचा, लेगो म्हणून खेळायला ठीक. आणि नंतर आलेल्या पॅकचा मजकूर डाऊनलोड करावा लागतो, तर तो आत्ताच सगळा उतरवून कन्सोलमध्ये ठेवा, सर्व्हरचा काय भरवसा.

प्रश्न : आमचा टॉय पॅड पडून बिघडला. मित्राकडे एक्सबॉक्सचा पडून आहे, तो पीएस४ला चालेल का? — नववीतला वाचक, नाशिक

उत्तर : नाही रे. पीएस३, पीएस४ आणि निन्टेन्डोचा वी यू या कन्सोलचे पॅड एकमेकांना चालतात, एक्सबॉक्सचे वेगळे असतात. बाहुले मात्र कुठल्याही कन्सोलवर चालतात, तेव्हा मित्राकडून ते बिनधास्त घे आणि पॅड वी यूचा शोध.