भाजलेल्या २ वर्षांच्या बाळाला पाणीसुद्धा विचारून का द्यायचं?

तुमचा भाचा गरम पाण्याने भाजलाय, धुळ्याला ॲडमिट आहे. सिस्टर पाणीसुद्धा विचारून द्यायला लावतात आणि ओलं डायपर काट्यावर ठेवतात, हे काय चाललंय, असं तुम्ही विचारलंय. मी जळगावकडे लहान मुलांच्या वॉर्डात १४ वर्षं सिस्टर आहे. तुमच्या सिस्टर काम नीट करतायत.

भाजलेल्या जागेतून अंगातलं पाणी झिरपत राहतं. मोठ्या माणसाला थोडंफार खपतं, पण १० किलोच्या बाळात मुळात रक्तच पाऊण लिटरच्या आसपास. बाळाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. असे १० तळहात भाजले की सलाईन लागतंच. ते पुरतंय का, हे लघवी सांगते. किलोमागे तासाला १ मिली तरी व्हायला हवी. ओल्या डायपरच्या वजनातून कोरड्याचं वजा करायचं, १ ग्रॅम म्हणजे १ मिली. आजीने मधेच चमच्याने पाणी पाजलं आणि सांगितलं नाही, की आमचा हिशोब बसत नाही.

जास्त गेलं तरी धोका, अंगावर सूज येते, छातीत पाणी होतं. एकदा रात्री एका बाळाच्या मामांनी सलाईनचं चाक (नळीवरचं, वेग कमी-जास्त करायचं) पूर्ण सोडलं. का, तर बाटली लवकर संपली की सुट्टी लवकर! नशीब, बाटली आणि नळीच्या मधल्या ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या छोट्या नळकांड्यात, मी तासाभरापुरतंच भरलं होतं. मी खूप ओरडले त्यांना. आता वाटतं, चाकाचं आधी सांगायला हवं होतं मीच.

सुईच्या हाताखाली आम्ही खोक्याचा पुठ्ठा कापून, कापूस गुंडाळून बांधतो. बोटांची टोकं मुद्दाम उघडी ठेवतो. ती गार पडली, हात फुगला, तर लगेच हाक मारा.

रडणारं बाळ मला चालतं. ‘ताई, पोऱ्या आते शांत व्हयना’ (पोरगा आता शांत झाला) असं एखादी आई समाधानाने सांगते, तेव्हा मी हातातलं काम टाकून पळते. झोपलेलं बाळ पायाला गुदगुल्या केल्या की पाय ओढून घेतं. पाय ओढत नाही, आईकडे बघत नाही, हातपाय गार आहेत, किंवा शांत असूनही श्वास मिनिटाला ४० च्या वर आहे, तर ती झोप नव्हे.

ड्रेसिंग शक्यतो त्याच्या खाटेवर नको, वेगळ्या खोलीत करा म्हणा. खाट तरी त्याला भीतीची वाटू नये. दुखण्याचं औषध आधी दिलंय ना, हे विचारायला लाजू नका. आणि ‘काही नाही होणार’ असं त्याला सांगू नका. दुसऱ्या दिवशी तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

घरी टूथपेस्ट, हळद काही लावलं असेल तर सांगून टाका, कुणी रागावणार नाही. (बरं, रागावतील थोडं. भाजल्यावर २० मिनिटं नळाखाली धरायचं, बाकी काही नाही.)

अजून एक. तो पाण्याला काय म्हणतो, शू आली की काय म्हणतो, ते आईकडून कागदावर लिहून खाटेला अडकवा. आमच्याकडे एक पोरगी रात्रभर ‘भुमी भुमी’ करत रडली. आम्ही बहिणीचं नाव समजलो, तिला पाणी हवं होतं.