चारचौघांत माणूस असा का वागतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या टपालातून पाच पत्रं घेतली आहेत. पाचांतल्या चारांचा सूर असा, की आमच्याकडची माणसंच तशी आहेत. आम्हाला ते पटत नाही. स्वभावाला हात घालण्याआधी बैठक कशी भरते, निरोप कसा जातो, काम कसं वाटलं जातं हे तपासावं.

आमच्या बचत गटात अठरा बायका आहेत. अंतर्गत कर्जाचा अर्ज आला की अध्यक्षताई विचारतात, "द्यायचं ना?" आणि सगळ्यांचे हात वर होतात. बैठक सुटली की त्यातल्याच तिघीचौघी म्हणतात, "मला पटलंच नव्हतं." अशी दोन कर्जं थकली. बायका तोंडावर का बोलत नाहीत?
*— गटाच्या सचिव, निलंगा तालुका*

ताई, हा भित्रेपणा नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत केलेला प्रयोग इथे लागू पडतो. एका रेघेच्या लांबीची रेघ समोरच्या तीन रेघांतून ओळखायची, एवढंच काम. एकट्या माणसाची त्यात शंभरात एखादीही चूक होत नव्हती. मग त्याला सात-आठ जणांत, शेवटाकडे बसवलं. बाकीचे सगळे पढवलेले. अठरापैकी बारा फेऱ्यांत त्यांनी एकमुखानं चुकीचं उत्तर दिलं. या बारा फेऱ्यांत खऱ्या सहभागींची सुमारे ३७ टक्के उत्तरं गटासारखीच चुकली, आणि तीन-चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गटामागे गेले. डोळ्यांना दिसणाऱ्या रेघेचं हे, तर शेजारणीच्या कर्जाचं काय घेऊन बसलात!

तुमच्या उपयोगाच्या गोष्टी त्यापुढच्या प्रयोगांत आहेत. चुकीचं उत्तर देणारा समोर एकच माणूस असेल तर दबाव जवळजवळ नसतो. तिघं झाले की तो पुरता भरतो, त्यानंतर माणसं वाढवून फारसा फरक पडत नाही. गटातल्या एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी चुका एक-चतुर्थांशापर्यंत खाली येतात. आणि उत्तर मोठ्यानं सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं की दबाव बराच उतरतो. तुमच्याकडे अध्यक्षताईंचा प्रश्नच होकारार्थी असतो, पहिले दोनतीन हात वर जातात, आणि तिथेच निर्णय होऊन जातो. प्रत्येकीला वाटतं, शंका फक्त माझ्याच मनात आहे. सगळ्या गप्प असल्यामुळे हा गैरसमज दूर व्हायला वाटच उरत नाही.

म्हणून मत गुप्त घ्या. सगळ्यांना लिहिता येत नसेल तर दाणे वापरा. प्रत्येकीला एक ज्वारीचा आणि एक तुरीचा दाणा द्या. ज्वारी म्हणजे होकार, तूर म्हणजे नकार. डबे दोन ठेवा, एक मताचा आणि एक उरलेल्या दाण्याचा. अनेक ठिकाणी एकच डबा ठेवतात. मग उरलेला दाणा हातात राहतो आणि मूठ उघडली की मत कळतं. दोन्ही डब्यांच्या तळाशी फडकं घाला, कारण स्टीलच्या डब्यात तूर पडल्याचा आवाज ज्वारीपेक्षा मोठा येतो. तोंड अरुंद हवं, हात आत गेल्यावर मूठ सुटली पाहिजे. कर्ज मागणारीनं मत देऊ नये. मोजणी सगळ्यांसमोर ताटात करा आणि इतिवृत्तात फक्त आकडा लिहा.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी दाणे टाका, आकडा सांगा, मग चर्चा, मग पुन्हा दाणे. "पाच नकार आहेत" एवढं कळलं तरी नकार देणारीला आपण एकटी नाही हे समजतं आणि तिला कंठ फुटतो. अध्यक्षताईंनी चर्चेत सर्वांत शेवटी बोलावं. काही गट एखादीला मुद्दाम विरोधी बाजू मांडायला सांगतात. त्याचा उपयोग कमी, कारण ती सोंग करते आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरोखर न पटलेल्या बाईचं बोलणं ऐकून लोक जास्त विचार करतात, असं शार्लन नेमेथ यांच्या संशोधनात दिसलं आहे.

आमच्या भागात जमिनीतून आवाज येतात, अधूनमधून हादरेही बसतात. प्रत्येक वेळी मोबाइलवर फिरतं, "आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप." शिकलेली माणसंसुद्धा लेकरं घेऊन रात्र रस्त्यावर काढतात. घर एकाचंही पडलेलं नाही, तरी अफवा एवढी का चालते?
*— वाचक, वसमत*

घर पडलेलं नाही, म्हणूनच चालते. हे उलटं वाटेल, पण याचा आधार आपल्याच देशातला आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपानंतर मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी, जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नाही अशा भागातल्या अफवा टिपून ठेवल्या. त्यांत धीर देणाऱ्या थोड्या, आणखी मोठं संकट येणार असं सांगणाऱ्याच फार; चंद्रग्रहणाच्या दिवशी जबर भूकंप होणार, ही त्यांतलीच एक. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या भागात दरडींनी प्रत्यक्ष नुकसान झालेल्या लोकांत पाहणी केली. तिथे अशा फुगवलेल्या अफवा आढळल्या नाहीत.

लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये 'बोधात्मक विसंगती'चा सिद्धांत मांडला, त्यात याच दोन पाहण्यांचा दाखला आहे. छातीत धडधड आहे, पण डोळ्यांसमोर घाबरण्याजोगं काही नाही. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, म्हणून मन भीतीला शोभेल असं कारण शोधतं. दरडीनं घर नेलेल्याला कारण शोधावं लागत नाही. मराठवाड्यात यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची आठवणही मिसळते. किल्लारी आणि आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसं गेली. ते ज्यांनी पाहिलं किंवा घरात ऐकलं, त्यांच्या भीतीला पोकळ म्हणता येत नाही.

म्हणूनच "घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका" हा निरोप फुकट जातो. भीती जागेवरच राहते आणि तिला दुसरं कारण लागतं. शिवाय "दोन वाजता भूकंप, हे खोटं आहे" असं दहादा फिरवलं, तर लक्षात 'दोन वाजता भूकंप' एवढंच उरतं. कुठलंही विधान वारंवार कानावर पडलं की खरं वाटू लागतं, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

निरोपाची सुरुवात खऱ्या माहितीनं करा, अफवेचा उल्लेख एकदाच करा आणि शेवटी हाताला काम द्या. असा:

"आज सकाळी बसलेल्या धक्क्याची नोंद झाली आहे. वेळ आणि तीव्रता राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर पाहता येईल. भूकंपाचा दिवस आणि तास आधी सांगणारं शास्त्र जगात कुठेच नाही, त्यामुळे रात्रीच्या ठरावीक वेळेचा निरोप खोटा आहे. आज एवढं करा: पत्र्यावर ठेवलेले दगड उतरवा. दगडमातीची भिंत फुगली असेल किंवा माळवदाला तडा असेल, तर त्या खोलीत झोपू नका. बॅटरी आणि चपला उशाशी ठेवा."

खाली पाठवणाऱ्याचं नाव हवं. पोलीस पाटील, तलाठी किंवा आशाताई अशा गावच्या ओळखीच्या माणसाचं. निरोप दिवस मावळायच्या आत जावा, कारण अंधार पडला की अफवेचा जोर वाढतो. दगड उतरवण्याला दुहेरी अर्थ आहे. माणूस खरोखर सुरक्षित होतो, आणि भीतीला साजेसं काहीतरी केल्यामुळे मनातली ओढाताणही कमी होते.

एमएच्या परीक्षेत स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोग हमखास येतो. पण तो खोटा ठरला असंही वाचलं. उत्तरात काय लिहावं?
*— विद्यार्थिनी, परभणी*

दोन्ही लिहा. १९७१, फिलिप झिम्बार्डो, निवडलेल्या २४ विद्यार्थ्यांतले काही पहारेकरी, काही कैदी, दोन आठवड्यांचा बेत आणि सहाव्या दिवशी बंद, हे घटित. पण 'भूमिका मिळाली की माणूस आपोआप क्रूर होतो' हा निष्कर्ष आज टिकत नाही. जतन केलेल्या ध्वनिफितींत एका पहारेकऱ्याला आणखी कडक वागायला सांगितल्याचं ऐकू येतं, आणि २०१८ मध्ये तिबो ल तेक्सिए यांनी कागदपत्रांतून अशा सूचना उघड केल्या. स्टॅनली मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगाला याच्या पंक्तीला बसवू नका. सांगतील तसे दुसऱ्याला विजेचे (खरं तर खोटे) झटके द्यायच्या त्यांच्या मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले, आणि २००९ मध्ये जेरी बर्गर यांनी १५० व्होल्टवर थांबवून केलेल्या आवृत्तीतही आज्ञापालनाचं प्रमाण फारसं बदललं नाही. शेवटी २०१५ च्या मोठ्या पडताळणीचा उल्लेख करा. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा केले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत निकाल पुन्हा मिळाला.

गावात दोन आळ्यांत जातीवरून ताण आहे. पोरं एकमेकांशी बोलत नाहीत. दोन्ही आळ्यांची कबड्डी स्पर्धा भरवली तर जवळ येतील का?
*— युवक मंडळ, बीड जिल्हा*

आळीविरुद्ध आळी असा सामना लावणार असाल तर भरवू नका, ताण वाढेल. मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या एका शिबिरात ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात सामने लावले. काही दिवसांतच झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाड घालणं सुरू झालं. नंतर नुसतं एका पंगतीला बसवलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. फरक पडला तो दोघांना मिळूनच करावी लागणारी कामं आल्यावर: बंद पडलेलं पाणी सुरू करणं, सिनेमासाठी वर्गणी जमवणं, अडकलेला ट्रक ओढणं. तो ट्रक त्यांनी ओढला तो रस्सीखेचीच्याच दोरानं.

आपल्याकडचा पुरावा आणखी नेमका आहे. मॅट लो या संशोधकानं उत्तर प्रदेशात सुमारे बाराशे तरुण निवडले आणि त्यांतल्या आठशेंच्या क्रिकेट लीग घेतल्या. काही संघ एकाच जातीचे, काही मिसळीचे. वेगळ्या जातीचे सवंगडी एका संघात मिळाले, तिथे जातीबाहेरची मैत्री वाढली. वेगळ्या जातीचे खेळाडू फक्त समोरच्या बाजूला भेटले, तिथे परिणाम उलटा झाला.

तेव्हा संघ मिसळीचे करा. प्रत्येक आळीच्या नावांची वेगळी घागर ठेवा आणि दोन्हींतून आळीपाळीनं चिठ्ठ्या काढा, म्हणजे दहाच्या संघात पाच-पाच येतील. एकाच घागरीतून काढल्या तर एखादा संघ आठ-दोनचा होतो आणि ते दोघं एकटे पडतात. नावं नद्यांची द्या: बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा. साखळी पकडीत हात धरणारी जोडी दोन वेगळ्या आळ्यांची ठेवा. त्या पकडीत साथीदारावर भरवसा टाकल्याशिवाय चढाईवाला अडकतच नाही. पंच बाहेरगावचा हवा. कर्णधार एका आळीचा असेल तर उपकर्णधार दुसरीचा, आणि प्रत्येक सामन्याला अदलाबदल. एका दिवसाच्या स्पर्धेनं काही साधत नाही. महिनाभर सराव आणि साखळी सामने ठेवा. मैदान आखण्यापासून पाणी मारण्यापर्यंतची कामंही संघानुसार वाटा.

श्रमदानाला साठ माणसं येतात, काम वीस जणांएवढंच होतं. येणारे आळशी आहेत म्हणावं तर स्वतःच्या शेतात तेच मर मर राबतात.
*— शिक्षक, अंबाजोगाई तालुका*

मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं हे मोजलं होतं; निष्कर्ष १९१३ मध्ये छापून आले. ओढण्याच्या कामात एकट्याची ताकद १०० धरली तर दोघांत माणशी ९३, तिघांत ८५ आणि आठांत ४९ उरते. काही घट जोर एका वेळी न लागल्यामुळे होते. पण १९७९ मध्ये बिब लाताने या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी डोळे बांधून, कानाला हेडफोन लावून लोकांना ओरडायला लावलं; पाच जण सोबत ओरडताहेत असा नुसता समज करून दिला, तर आवाज एकट्याच्या ७४ टक्क्यांवर आला. माझा वाटा कुणाला दिसत नाही, तो मोजला जात नाही, हे कळलं की हात आपोआप सैल पडतो. शेतात वाटा दिसतो.

तुमच्या डोंगरउतारावर सलग समतल चर काढताय असं पत्रात आहे. आदल्या संध्याकाळी पाण्याच्या नळीनं समपातळी काढून फक्की टाका. दहा-दहा फुटांवर खुंट्या ठोकून त्यांना क्रमांक द्या. साठ जणांच्या तिघातिघांच्या वीस टोळ्या करा; प्रत्येकीला एक टिकाव, एक फावडं, दोन घमेली आणि एक खुंटी. दहा फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट खोल म्हणजे वीस घनफूट माती, तिघांना एका सकाळी जमेल एवढी. कडक मुरूम लागला तर लांबी सहा-सात फूटच ठेवा, नाहीतर त्या टोळीला अन्याय वाटतो आणि पुढच्या रविवारी ती येत नाही. माती उताराच्या खालच्या अंगाला, चरापासून फूटभर सोडून टाकायला सांगा. पहिल्या टोळीचं काम आटोपलं की तिला दुसरीच्या चरात लगेच उतरवू नका. लवकर उरकलं की जास्तीचं काम गळ्यात पडतं असं दिसलं, तर पुढच्या वेळी सगळेच रेंगाळतात. संपल्यावर खुंटीपाशी टोळीच्या नावांची पाटी लावा. क्रमवारी मात्र लावू नका, म्हाताऱ्या माणसांच्या टोळ्या त्यात कायम खाली राहतात.