आंघोळ न घालता न्या

प्रश्न : आमच्याकडे ३ वर्षांची कारवानी कुत्री आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिला सतत खाज सुटते. कानांच्या कडा, पायांची कोपरे आणि पोटाकडचे केस झडून कातडी काळवंडली आहे. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी आठ-दहा दिवस बरे वाटते आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा तेच सुरू होते. आता त्यांनीच आम्हाला पुण्यातील पशुत्वचातज्ज्ञांकडे जायला सांगितले असून पुढच्या महिन्यातील तारीख मिळाली आहे. नेण्यापूर्वी तिला औषधी शाम्पूने आंघोळ घालावी का आणि आणखी कोणती तयारी करावी? धाकट्या मुलाच्या हातांवर व पोटावर अलीकडे बारीक पुरळ उठते आहे, त्याचा याच्याशी संबंध असेल का?
— एक वाचक, अहमदपूर तालुका, जि. लातूर

उत्तर : आंघोळ घालू नका. कुणाकडे जायचे म्हटले की लेकराला न्हाऊमाखू घालून न्यावे ही आपली रीत आहे आणि मुक्या जीवाच्या बाबतीतही मन तिकडेच धावते. मात्र त्वचेच्या डॉक्टरांना जे पाहायचे असते, नेमके तेच आंघोळीत धुऊन जाते. ते काचपट्टी किंवा चिकटपट्टी कातडीवर दाबून नमुना घेतात, तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि त्यात जिवाणू किती आहेत, मॅलासेझिया नावाचे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) किती आहे, यावरून उपचाराची दिशा ठरवतात. म्हणून भेटीआधीचे किमान पाच ते सात दिवस शाम्पू, मलम, पावडर, तेल यांपैकी काहीही लावू नये आणि कानांतला मळही पुसू नये. कॉफीच्या भुकटीसारखा दिसणारा काळपट मळ कानातल्या किडींची शंका निर्माण करतो आणि तो पुसून टाकला तर ती खूणच हरवते. जखम चिघळली किंवा तीत अळ्या दिसल्या, तर मात्र तारखेची वाट न पाहता तिला त्याच दिवशी गावातल्या डॉक्टरांकडे न्यावे.

गोळ्यांचा मुद्दा अधिक नाजूक आहे. गोळी सुरू असताना आराम आणि थांबताच खाज, या वर्णनावरून त्यात प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड असण्याची शक्यता वाटते. ॲलर्जीची त्वचाचाचणी करायची असेल तर तोंडावाटे दिलेली अशी औषधे साधारण २ आठवडे, दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने किमान ४ आठवडे आणि अँटीहिस्टामाइन (ॲलर्जीची खाज कमी करणारी औषधे) सुमारे ७ दिवस आधी बंद असावी लागतात. पण हे वाचून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. बरेच दिवस दिलेले स्टेरॉइड एकाएकी तोडले तर प्राणी गळून जातो आणि प्रसंगी जिवावर बेतते. आजच तज्ज्ञांना फोन करून गोळीचे नाव, मात्रा आणि सुरुवातीची तारीख सांगा व ते म्हणतील तसे करा.

खरी तयारी वहीत करायची आहे. खाज पहिल्यांदा कोणत्या महिन्यात दिसली, आधी खाज आली की आधी केस गेले, हिवाळ्यात कमी होते का, रात्री झोपमोड होते का, हे सारे लिहा. ० ते १० अशा मापात रोजची खाज मांडून ठेवा. पिंडज ॲलर्जी (ॲटोपी, म्हणजे जन्मजात प्रवृत्तीमुळे होणारी ॲलर्जी) बहुधा वयाच्या ६ महिने ते ३ वर्षांच्या दरम्यान सुरू होते, त्यामुळे सुरुवातीचा काळ निदानात फार उपयोगी पडतो. खाण्याची नोंद अगदी बारकाईने करावी. दुधात कुस्करलेली भाकर, अंडे, कोंबडीचे तुकडे, मुलांनी हळूच दिलेले बिस्किट, सारे त्यात यावे. अन्नाची ॲलर्जी रक्त तपासून खात्रीने कळत नाही. त्यासाठी किमान ८ आठवडे ठरवून दिलेलाच आहार पाळावा लागतो आणि आजवर तिने काय काय खाल्ले हे ठाऊक असल्याशिवाय तो आहार ठरवता येत नाही.

घरगुती उपायही लपवू नका. आपल्याकडे लूत म्हटली की गाडीचे जळके ऑइल, गंधक, करंजाचे तेल लावले जाते, गोठ्यातल्या जनावरांसाठी आणलेले इव्हरमेक्टिन कुत्र्यालाही टोचले जाते. यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही, पण जळके ऑइल विषारी असते आणि इव्हरमेक्टिन काही जातींच्या कुत्र्यांना जीवघेणे ठरते, म्हणून काय व केव्हा दिले ते डॉक्टरांना कळलेच पाहिजे. सगळी औषधे त्यांच्या पाकिटांसह पिशवीत घालून न्या.

मुलाच्या पुरळाबद्दल आपण विचारले, हे फार बरे केले. कानांच्या कडा, कोपरे आणि घरातल्या माणसांना खाज, ही सारी लक्षणे एकत्र दिसली की सार्कोप्टिक खरजेचा (कातडीत शिरणाऱ्या सूक्ष्म किडींमुळे होणाऱ्या खरजेचा) विचार करावाच लागतो. पत्रावरून निदान होत नाही, पण हे तज्ज्ञांना सर्वांत आधी सांगा. या किडी खरवडून घेतलेल्या नमुन्यात अनेकदा सापडत नाहीत, त्यामुळे नमुना निर्दोष आला तरी डॉक्टर खरजेचे उपचार सुरू करू शकतात. मुलाला माणसांच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि तोवर त्याला कुत्रीसोबत झोपू देऊ नका. कुत्र्याची खरूज माणसाच्या अंगावर सहसा टिकत नाही, कुत्री बरी झाली की तीही जाते.

घरी करता येण्याजोगी एक साधी तपासणी आहे. बारीक दातांच्या फणीने तिची पाठ आणि शेपटीचे मूळ विंचरा आणि पडलेली काळी कणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवा. कणीभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, कारण तिच्यात कुत्रीचेच रक्त असते. साधी माती असेल तर डाग मातकट राहतो.

इतक्या लांबच्या प्रवासापूर्वी उदगीर किंवा परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालयाच्या चिकित्सालयात चौकशी जरूर करा. त्वचा खरवडून करायची तपासणी तिथे झाली, तर तो अहवाल पुण्याला उपयोगी पडेल. ऊन असेल तर प्रवास रात्री करा. भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असावे लागते, म्हणून किती तास उपाशी ठेवायचे ते आधी विचारून घ्या. तिला रोज भाकर घालणारी व्यक्तीही बरोबर असावी, कारण खाण्याविषयीच्या प्रश्नांची नेमकी उत्तरे तिच्याकडेच असतात.