पिकअपच्या हौद्यात सरकता ट्रे कमी खर्चात कसा बनवायचा?

रेडिमेड ड्रॉवर स्लाइडच्या नादी लागू नका, महाग पडतंय आणि आपल्या काळ्या मातीच्या धुळीत लवकर जाम होतंय. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडूनच करून घ्या.

हौद्यात दोन्ही बाजूंना सी चॅनल (इंग्रजी C सारख्या आकाराचे लोखंडी बार) आडवे, तोंड आतल्या बाजूला, आणि ट्रेच्या स्क्वेअर पाइपच्या फ्रेमला बेअरिंग, ते चॅनलमध्ये पळतात. ६२०३ नंबरचं घ्या, बाहेरून ४० मिमी, भोक १७ मिमी, त्यात १६ चा बोल्ट बसतो, पण दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलंच मागा नाहीतर धूळ आत गेलीच म्हणून समजा.

आता खरं काम. ट्रे बाहेर ओढला की आतलं टोक वर उचलतं, तिथं चॅनलची वरची पट्टीच त्याला दाबून धरते, म्हणून चॅनलची आतली उंची बेअरिंगपेक्षा २-३ मिमीच जास्त पाहिजे, जास्त गॅप ठेवला तर ट्रे झुकतो आणि अडकतो. सगळी लांबी बाहेर काढू नका, एक तृतीयांश तरी आतच राहू द्या, शेवटी स्टॉपर वेल्ड करा.

वर १८ मिमी प्लाय. आणि लॉकची पिन दोन्ही बाजूंना हवीच, नुसत्या मागच्या फाळक्याच्या भरवशावर राहू नका, ब्रेक मारला की भरलेला ट्रे केबिनवर येतो.