नोकरी शोधताना ओळखीच्यांना विचारायला संकोच वाटतो. कुणाला आणि कसं विचारावं?

आधी अधूनमधून भेटणाऱ्या ओळखींना विचारा, म्हणजे कॉलेजचा सीनियर किंवा आधीच्या ऑफिसातली सहकारी, आणि थेट नोकरी न मागता माहिती मागा. जिवलग मित्रांना बहुधा तुम्हाला ठाऊक असलेल्याच जागा ठाऊक असतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हे मांडलं. त्यांच्या पाहणीत ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे ५६ टक्के लोकांची त्या व्यक्तीशी गाठ अधूनमधूनच पडायची, २८ टक्क्यांची तर क्वचितच.

मी भरतीचं काम करते, त्यामुळे असे मेसेज रोज वाचते. ‘मॅडम, काही असेल तर बघा ना’ याला काय उत्तर देणार? पण ‘तुमच्याकडे टॅलीवरून सॅपवर (ही दोन्ही हिशेबाची सॉफ्टवेअर) आलेलं कुणी आहे का? त्यांनी सुरुवात कुठून केली?’ असं कुणी विचारलं की मी लगेच फोन लावते, कारण या माणसाला काय हवंय ते मला कळलेलं असतं. सीव्ही मागितल्यावरच पाठवा. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा. बहुतेकदा मेसेज खाली गेलेला असतो, तो नकार नसतो.

मात्र ओळख अगदीच पुसट नको. लिंक्डइनवरच्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली आले, त्यात सर्वाधिक उपयोग मध्यम ओळखींचा झाला. आणि डिजिटल कामं कमी असलेल्या क्षेत्रांत जवळची माणसंच जास्त कामी आली.