शेततळ्यातल्या रोहू-कटल्याला नुसती सोयापेंड घातली तर मासा जास्त पौष्टिक होईल का? (वाळवा, सांगली)

वाढ चांगली होईल, पण माशातली ओमेगा-३ ही आरोग्याला चांगली चरबी वाढणार नाही. माशाची चरबी त्याने खाल्लेल्या तेलावर ठरते. त्यासाठी जवस बघा. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३ असतं आणि रोहू-कटला त्यातलं थोडं ईपीए-डीएचए या माशांतल्या ओमेगा-३ मध्ये बदलतात. विक्रीआधीचे काही आठवडे पेंड आणि भाताच्या कोंड्यात थोडं ताजं जवस तेल कालवा, भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगा. तेलाला खवट वास आला तर वापरू नका.

कच्चं सोयाबीन भरडून तर अजिबात टाकू नका, त्यातले पचन अडवणारे घटक उष्णतेनेच निकामी होतात. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका! त्या बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाने माशाचं यकृत बिघडतं.